मिरवणूक, रस्ता आणि सुट्टी



वसंत व्याख्यानमालेत इतिहासावर बोलावयाचे म्हटले की श्रोत्यांच्या डोळ्यांपुढे राजे, लढाया आणि तहनामे उभे राहतात. माझा विषय तितका भारदस्त नाही. तुमच्या-माझ्या घरातली माणसे सणासुदीला आणि राष्ट्रीय दिवशी मुलाबाळांना घेऊन मिरवणूक पाहावयास जातात, त्या साध्या रिवाजाचा इतिहास मी आज सांगणार आहे. मी विद्यापीठात शिकलेला माणूस नाही. युनियनचे काम करता करता जे वाचले आणि वाचनालयाच्या बाकावर बसून जे टिपून ठेवले, त्याच्या आधारे बोलतो आहे.

या सभेत बसलेल्या बहुतेक कुटुंबांची मिरवणूक पाहण्याची एक ठरलेली जागा असेल. कोणाची सांगलीत एखाद्या दुकानाच्या पायरीवर, कोणाची मिरजेत एखाद्या नातेवाइकाच्या गच्चीवर, तर कोणाची रस्त्याच्या कडेला एखाद्या झाडाखाली. आपण म्हणतो, "हे आमच्या घरात पूर्वापार चालत आले आहे." पण पूर्वापार म्हणजे केव्हापासून? हा प्रश्न विचारला की मोठी गंमत दिसते. ज्याला आपण पूर्वापार म्हणतो तो रिवाज कष्टकरी माणसाच्या घरात फार तर तीन-चार पिढ्यांचा आहे. कारण कुटुंबाने मिरवणूक पाहावयाची तर दोन गोष्टी लागतात. एक, रस्त्यावर उभे राहण्याचा हक्क; आणि दुसरी, त्या दिवशी कामावरून मोकळीक. या दोन्ही गोष्टी आपल्याला आयत्या मिळालेल्या नाहीत. त्या कशा मिळाल्या आणि आज त्यांची अवस्था काय आहे, एवढेच मला सांगावयाचे आहे.

आपल्या मुलखात मिरवणुकीचे दोन जुने प्रकार होते. पहिला प्रकार सवारीचा. दसऱ्याला संस्थानिक सीमोल्लंघनास निघत. पुढे निशाण, मागे घोडे, मानकरी, वाजंत्री, आणि प्रजा दुतर्फा उभी. येथे पाहणाऱ्याचे काम एकच, मुजरा करावयाचा. माधवनगरची वस्ती ज्या बुधगाव संस्थानात होती, तेथील माधवराव पटवर्धनांच्या नावावरून आपल्या गावाचे नाव पडले. माझे आजोबा त्या काळातले. ते सांगत, की सवारी जवळ आली की लहान पोरांच्याही डोक्यावर हात ठेवून त्यांना वाकावयास लावीत. कोणी पुढे उभे राहावयाचे, कोणी मागे आणि कोणी समोर यावयाचेच नाही, हे जातीवरून आणि हुद्द्यावरून ठरलेले असे. सवारी राजाची, आणि रस्ताही राजाचाच.

दुसरा प्रकार दिंडीचा. साताऱ्याजवळच्या आरफळ गावचे हैबतबाबा यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ज्ञानेश्वर माउलींच्या पालखी सोहळ्याला आजची शिस्त लावून दिली. दिंड्यांचा क्रम, मुक्काम, चालण्याची रीत हे सारे त्यांनी बसविले. हा सोहळा लोणंद, तरडगाव, फलटण असा सातारा जिल्ह्यातून जातो. सवारीत माणसे एकाला पाहतात. दिंडीत माणसे एकमेकांबरोबर चालतात. दिंडीत नवरा-बायको, सासू-सून, खांद्यावरचे पोर अशी घरेच्या घरे चालतात. जातीची उतरंड तेथेही पुसली गेली नव्हती, हे खरे. परंतु सामान्य कुटुंबाला रस्त्यावर पाऊल टाकण्याचा पहिला मान दिंडीने दिला, हेही तितकेच खरे. आपल्याकडे पुढे जी सार्वजनिक मिरवणूक निर्माण झाली, तिने थाट सवारीचा घेतला आणि चालण्याची रीत दिंडीची घेतली, असे म्हणावयास हरकत नाही.

सांगलीच्या संस्थान गणपतीची पाचव्या दिवसाची मिरवणूक हे या दोन्हींच्या मिश्रणाचे आपल्या जवळचे उदाहरण. मिरजेच्या पटवर्धनांतून वेगळे होऊन चिंतामणराव आप्पासाहेबांनी सांगलीची गादी उभारली. त्यांनी गणपतीला राज्याचे दैवत मानले. कृष्णेकडे निघणारी ती मिरवणूक म्हणजे मुळात दरबाराचा सोहळा. पण ८ मार्च १९४८ रोजी दक्षिणेकडील संस्थाने मुंबई प्रांतात विलीन झाली, दरबार गेला आणि मिरवणूक मात्र राहिली. ती राहिली कोणाच्या जोरावर? पाहावयास येणाऱ्या लोकांच्या जोरावर. खेड्यापाड्यांतून बायकापोरांसह येणाऱ्या माणसांनी राजाचा सोहळा आपल्या घरचा करून टाकला.

आता एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धाकडे वळू. ज्या १८७५ साली न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली, त्याच साली पुण्यात स्वामी दयानंद सरस्वतींची मिरवणूक निघाली. तीत रानडे चालले आणि जोतीराव फुलेही चालले. विरोधकांनी गाढवाची उलटी मिरवणूक काढली, चिखलफेक केली. रस्त्यावर चालणे म्हणजे एक बाजू घेणे आहे, हे त्या दिवशी पुण्याला कळले. त्यानंतर अठरा वर्षांनी, १८९३ साली, पुण्यात सार्वजनिक गणपती बसू लागले आणि लोकमान्य टिळकांनी त्या उत्सवाला चळवळीचे रूप दिले. १८९६ साली रायगडावर शिवजयंतीचा उत्सव झाला. परक्या सरकारच्या राज्यात सभा भरविणे अवघड होते. पण देवाची मिरवणूक अडविणे त्याहून अवघड होते. सामान्य माणूस त्या वाटेने राजकारणात आला.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. १८९३ पूर्वी पुण्या-मुंबईत आणि आपल्याकडेही मोहरमचे ताबूत हा सर्वांचा सोहळा होता. हिंदू त्यात चालत, नवस बोलत. १८९३ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत मोठा दंगा झाला आणि त्यानंतर अनेक ठिकाणी हा सहभाग तुटला. एका रस्त्यावरून जाणाऱ्या दोन मिरवणुका एकमेकींकडे संशयाने पाहू लागल्या. त्याच वेळी नारायण मेघाजी लोखंडे या कामगार पुढाऱ्याने मुंबईच्या राणीच्या बागेत सर्व जातिधर्मांच्या कामगारांचा एकोप्याचा मेळा भरविला, ही गोष्ट आपल्या पाठ्यपुस्तकांत ठळकपणे यावयास हवी होती. आपल्या जिल्ह्यात मात्र हा धागा पुरता तुटला नाही. कडेगावचे उंचच उंच ताबूत आजही निघतात, त्यांतील काहींचा मान हिंदू घराण्यांकडे आहे, आणि ते पाहावयास जाणाऱ्या कुटुंबांना कोणी जात-धर्म विचारीत नाही.

रस्त्याचा हक्क मात्र सर्वांत महागात ज्यांना पडला, त्यांची गोष्ट अजून सांगावयाची आहे. २० मार्च १९२७ रोजी महाड येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली परिषदेचे प्रतिनिधी मंडपातून निघाले आणि रांगेने, शांतपणे, बाजारपेठेतून चालत चवदार तळ्यावर गेले. आपण तळ्याच्या पाण्याची आठवण ठेवतो, आणि ते योग्यच आहे. पण पाण्यापर्यंत पोहोचण्यापूर्वी ती माणसे भर बाजारातून चालली, ही आठवणही ठेवली पाहिजे. ज्या रस्त्यावर अंग चोरून चालावे लागे, त्या रस्त्यावरून ताठ मानेने रांगेत चालणे हाच एक सत्याग्रह होता. त्याबद्दल त्यांना त्याच दिवशी गावात मार खावा लागला. पुढच्याच वर्षी, १४ एप्रिल १९२८ रोजी, जनार्दन सदाशिव रणपिसे यांच्या पुढाकाराने पुण्यात बाबासाहेबांची पहिली सार्वजनिक जयंती साजरी झाली. आज चौदा एप्रिलला आपल्या गावोगावी कुटुंबेच्या कुटुंबे नवे कपडे करून मिरवणुकीला येतात. त्यातली एखादी आजी नातवाचे बोट धरून रस्त्याच्या मधोमध चालते, तेव्हा तिच्या चालण्यामागे महाडचा तो रस्ता असतो.

स्त्रियांचेही तसेच. पांढरपेशा घरातली स्त्री मिरवणूक पाही ती माडीवरून. कष्टकरी घरातली स्त्री पाही ती कामावरून येता-जाता. १९३० च्या कायदेभंगात मुंबईच्या देशसेविका पहाटे प्रभातफेऱ्या घेऊन बाहेर पडल्या, आणि मिरवणुकीत बाईमाणसाने चालण्याला नवी प्रतिष्ठा आली. आज शाळेची पोरे पंधरा ऑगस्टला आणि सव्वीस जानेवारीला जी प्रभातफेरी काढतात, ती त्या वर्षांची देणगी आहे. सव्वीस जानेवारी हा दिवसही तेव्हाचाच. १९३० साली त्या दिवशी पूर्ण स्वराज्याची प्रतिज्ञा गावोगावी वाचली गेली, म्हणून वीस वर्षांनी प्रजासत्ताकासाठी तोच दिवस निवडला गेला.

आणि या जिल्ह्यात राहून १९४२ विसरता येणार नाही. त्या वर्षी आजचा सातारा आणि सांगली जिल्ह्यांतला बराचसा मुलूख एका सातारा जिल्ह्यात होता. ऑगस्ट-सप्टेंबरात कचेऱ्यांवर मोर्चे निघाले. ३ सप्टेंबरला तासगावला लोकांनी कचेरीवर तिरंगा लावला. ९ सप्टेंबरला वडूज येथे गोळीबार होऊन परशुराम घार्गे यांच्यासह नऊ जण हुतात्मा झाले. १० सप्टेंबरला इस्लामपूर येथे उमाशंकर पंड्या आणि विष्णू बारपटे यांनी प्राण दिले. मोर्च्यांत चालणारे बहुतेक लोक कोण होते? आषाढीला दिंडीत चालणारे, गावच्या जत्रेत लेझीम खेळणारे शेतकरी. रांगेत चालण्याची सवय त्यांना सणाने लावली होती. झेंडा हातात घेण्याचे धैर्य चळवळीने दिले. रस्ता आपला झाला, तो अशा माणसांमुळे.

हा झाला अर्धा इतिहास. आता उरलेला अर्धा सांगतो, तो सुट्टीचा.

हौसेला मोल नसते असे म्हणतात. पण रोजावर काम करणाऱ्याच्या हौसेला अगदी बिनचूक मोल असते, आणि ते मोल म्हणजे एक खाडा. गिरणीच्या सुरुवातीच्या काळात मुंबईचा कामगार उजाडल्यापासून मावळेपर्यंत साच्यावर उभा असे. १८८१ च्या पहिल्या फॅक्टरी कायद्याने मुलांना थोडे संरक्षण दिले. मोठ्या माणसांना काहीच दिले नाही. सणाला यंत्र साफ करण्याच्या नावाखाली बोलावून घेत, ते वेगळेच. अशा माणसाने मुलांना खांद्यावर घेऊन मिरवणूक दाखवावी कधी?

लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची संघटना उभी केली. त्यांची एक मुख्य मागणी आठवड्यातून एक दिवस सुट्टीची होती. रविवार का? तर तो खंडोबाचा वार, असे ते पटवून देत. साहेबाला त्याचा चर्चचा वार दिसावा आणि कामगाराला त्याचा कुलदेवाचा वार मिळावा, अशी ही व्यवहारी युक्ती होती. २४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली. तीत दोन कामगार स्त्रिया बोलल्या. त्यानंतर गिरणीमालकांनी मान तुकविली आणि १० जून १८९० पासून रविवारची सुट्टी मान्य झाली. आज आपण रविवार हा निसर्गाचा नियम असल्यासारखा उपभोगतो. त्या रविवारला एक तारीख आहे आणि त्याच्या मागे दोन बायांचे भाषण आहे, हे मुलांना सांगितले पाहिजे.

हे आपल्यापुरतेच नव्हते. न्यूयॉर्क शहरात ५ सप्टेंबर १८८२ रोजी कामगारांनी मिरवणूक काढली. त्या दिवशी सुट्टी नव्हती. एक दिवसाची मजुरी बुडवून ते चालले आणि शेवटी बायकापोरांसह बागेत जमून एकत्र जेवले. अमेरिकेच्या केंद्र सरकारने त्या दिवसाला सुट्टीचा दर्जा दिला तो १८९४ साली. म्हणजे आधी मिरवणूक झाली आणि बारा वर्षांनी सुट्टी आली. १८८६ च्या मे महिन्यात शिकागोच्या कामगारांनी आठ तासांच्या दिवसासाठी रक्त सांडले आणि १८९० पासून एक मे हा जगभरच्या कामगारांचा दिवस झाला. हिंदुस्थानात १९२३ साली मद्रासमध्ये सिंगारवेलू चेट्टियार यांनी तो प्रथम साजरा केला. पुढे कामाचे तास एकेक पायरी खाली आले. १९२२ साली आठवड्याला ६० तास झाले, १९३४ साली बारमाही कारखान्यांना ५४, आणि १९४८ च्या फॅक्टरी कायद्यात ४८. या आकड्यांतला प्रत्येक कमी झालेला तास कोणाच्या तरी घरी गेला आहे. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले ते शंभराहून अधिक हुतात्म्यांच्या बलिदानानंतर. त्यामुळे आपल्याकडे एक मेच्या सकाळी सरकारी संचलनही असते आणि लाल बावट्याची मिरवणूकही असते. दोन्ही पाहून घरी येणारी कुटुंबे मी पाहिली आहेत.

आमचे घरही त्यातलेच. वडील गिरणीत होते. त्यांच्या पाळ्यांच्या हिशेबावर आमच्या घराचे पंचांग चाले. पगारी सुट्ट्यांची यादी गिरणीच्या फाटकावर लागली की वडील ती वहीच्या पाठीमागे उतरवून आणीत. त्या वहीत आईच्या हिशेबाने पाच दिवस पक्के असत. सव्वीस जानेवारी, चौदा एप्रिल, एक मे, गणपतीचा पाचवा दिवस आणि मोहरमचा दहावा. यातले दोन-तीनच पगारी असत. उरलेल्यांसाठी वडील पाळी बदलून घेत किंवा खाडा सोसत. भाकरी आणि चटणी फडक्यात बांधून आम्ही माधवनगरहून सांगलीला चालत जात असू. सांगलीत भडंगाची पुडी आणि एक पिपाणी एवढीच चैन. पिपाणी एक आणि भावंडे तीन, म्हणून ती पाळीपाळीने वाजवावयाची. वडील आम्हाला रथ, हत्ती, बँड दाखवीतच; पण ते जास्त वेळ माणसे दाखवीत. "तो बघ, तो आमच्या खात्यातला. तो हलगी वाजवतोय तो रात्रपाळीचा." आमच्यासाठी मिरवणूक म्हणजे वडिलांच्या ओळखीच्या माणसांची रांग होती. इंग्लंडात डरहॅम येथे खाणकामगारांचा वार्षिक मेळावा १८७१ पासून भरतो. प्रत्येक खाणीचा स्वतंत्र झेंडा, पुढे बँड आणि मागे कामगारांची कुटुंबे. तेथील खाणी बंद पडून तीस वर्षे होऊन गेली. तरी जुलै महिन्यात नातवंडे आजोबांच्या खाणीचा झेंडा घेऊन चालतात, असे मी वाचले तेव्हा मला नवल वाटले नाही. आमच्या गावच्या गिरणीचा भोंगाही आता वाजत नाही. पण त्या वेळची घरे अजून एक मेला एका ठिकाणी भेटतात.

मी युनियनच्या कामाला लागल्यावर सुट्टीची ही बाजू मला आणखी स्पष्ट दिसू लागली. आपल्या राज्यात दुकाने आणि आस्थापनांसाठी २०१७ साली नवा कायदा झाला. त्यात वर्षाला आठ पगारी सणाच्या सुट्ट्यांची तरतूद आहे. सव्वीस जानेवारी, एक मे, पंधरा ऑगस्ट आणि दोन ऑक्टोबर हे चार दिवस कायद्याने ठरवून दिले आहेत. उरलेले चार मालक आणि कामगार यांनी आपसात ठरवावयाचे आहेत. कागदावर हे एक ओळीचे कलम आहे. प्रत्यक्षात त्या चार दिवसांत आपला सगळा समाज बसवावा लागतो.

एका ठिकाणची गोष्ट सांगतो. जागेचे नाव सांगत नाही. तीस-पस्तीस माणसे कामाला होती. मराठा, धनगर, लिंगायत, जैन, बौद्ध, मुसलमान, सारे एका छपराखाली. चार दिवस निवडावयास बसलो आणि यादी अकरा दिवसांची झाली. दिवाळी हवी, दसरा हवा, गणपती हवा, चौदा एप्रिल हवा, बसवजयंती हवी, महावीरजयंती हवी, ईद हवी. दोन बैठका भांडणात गेल्या. तिसऱ्या बैठकीत एक वयस्कर मुसलमान कारागीर उठले. ते म्हणाले, "मला ईद द्या. पण गणपतीचा पाचवा दिवस खोडू नका. नातवंडांना घेऊन मीही जातो." त्यावर एक बौद्ध तरुण म्हणाला, "मग चौदा एप्रिल ठेवा, आणि सगळे या." शेवटी दिवाळी, ईद, गणपतीचा पाचवा दिवस आणि चौदा एप्रिल असे चार दिवस ठरले, लिंगायत आणि जैन मंडळींना त्यांच्या दिवशी रजा अडवावयाची नाही, असे लिहून घेतले. दिवस निवडताना तिथे कोणी धर्मावर भाषण केले नाही. "आपण घरच्यांना घेऊन कोठे जातो?" या एका प्रश्नाने वाद मिटला.

आता आजची अवस्था पाहू, कारण इतिहास सांगून थांबणे हा माझा धंदा नव्हे.

सुट्टी मागल्या दाराने निघून चालली आहे. मोठ्या कारखान्यात कायम कामगार मूठभर उरले आणि त्यांच्या शेजारी ठेकेदाराची माणसे उभी राहिली. काम तेच, साचा तोच. पण एकाला सण पगारी आणि दुसऱ्याला खाडा. यंत्रमागाच्या छोट्या छपरांत कामावर मोबदला, म्हणून कापड नाही तर पैसा नाही. कायद्याला माणसांच्या संख्येची अट असते, आणि त्या अटीच्या आतबाहेर हजेरीपट फिरविणारे हुशार लोक आहेत. घरपोच वस्तू पोहोचविणाऱ्या पोरांना तर सणाचा दिवस हाच सर्वांत कामाचा दिवस. मिरवणुकीच्या गर्दीतून पाठीवर पिशवी घेऊन वाट काढणारा तो पोरगा आपण पाहतो. त्याच्याही घरी एखादे पोर खांद्यावर बसण्याची वाट पाहत असते, हे आपल्या ध्यानात येत नाही.

दुसरीकडे रस्ताही निसटत आहे. लेझीम, झांज, हलगी, बँड यांच्या जागी भिंतीएवढे कर्णे आले. आपल्याकडे त्यांना डॉल्बी म्हणतात. २००० सालापासून ध्वनिप्रदूषणाचे नियम आहेत. रात्री दहानंतर कर्णे बंद, असे सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली बजावले आहे. पण मुद्दा केवळ कायद्याचा नाही. हलगी वाजते तेव्हा वाजविणारा माणूस दिसतो, आणि त्याला ओळखणारे पोर हात हलविते. या कर्ण्यांपुढे तान्हे मूल, गर्भार बाई, म्हातारे माणूस उभे राहू शकत नाही. त्यांना घरी ठेवावे लागते. ज्या दिवशी आजी आणि नात रस्त्याच्या कडेवरून नाहीशा होतात, त्या दिवशी मिरवणूक कितीही मोठी असली तरी ती पुन्हा सवारी होते. मोजक्यांनी मिरवावयाचे आणि बाकीच्यांनी बाजूला व्हावयाचे.

तिसरी गोष्ट सांगताना मन जड होते. २००९ च्या गणेशोत्सवात मिरजेत एका स्वागत कमानीवरील चित्रावरून दंगल उसळली आणि तिची झळ सांगलीलाही लागली. मिरजेची विसर्जन मिरवणूक तिच्या भव्य कमानींसाठी आणि दुसऱ्या दिवसापर्यंत चालणाऱ्या लांबीसाठी प्रसिद्ध आहे. खेड्यांतून गाड्या भरून लोक ती पाहावयास येत आले आहेत. दंगल कोणी केली, कोणी करविली, यावर पुष्कळ बोलले गेले. मी कामगारांचा माणूस म्हणून एवढेच पाहिले की संचारबंदीत हातावर पोट असणाऱ्याचा रोज बुडतो, मग तो कोणत्याही धर्माचा असो, आणि पुढच्या वर्षी बाया मुलांना घेऊन निघण्यापूर्वी दहा वेळा विचार करतात. १८९३ साली जे मुंबईत घडले, त्याची किंमत एका पिढीने दिली नाही. अनेक पिढ्यांनी दिली. हे ठाऊक असलेल्या आपण तरी ती चूक पुन्हा पदरी घेऊ नये.

म्हणून माझे या सभेला तीन गोष्टींचे मागणे आहे. पहिली, तुमचे दुकान असेल, छोटा कारखाना असेल, तर पगारी सुट्ट्यांची यादी दर्शनी भागावर लावा. आणि चार दिवस ठरविताना कामगारांना, त्यातही ठेक्यावरच्या माणसांना, विचारा. कायदा लागू नसेल तर माणुसकी म्हणून विचारा. दुसरी, तुम्ही मंडळाचे कार्यकर्ते असाल, तर मिरवणुकीच्या वाटेवर लहान मुले, म्हातारी माणसे आणि बायका यांच्यासाठी दोन-चार ठिकाणी मोकळी जागा राखा आणि तेथे कर्णे बंद ठेवून हलगी-लेझीम चालू द्या. हे काही गावांत होते. आपल्याकडे होण्यास अडचण नाही. तिसरी गोष्ट घरची आहे. वर्षातून एकदा तरी आपल्या सणाची नसलेली मिरवणूक पाहावयास मुलांना घेऊन जा. गणपतीवाल्याने कडेगावला जावे, मोहरमवाल्याने पाचव्या दिवशी सांगलीला यावे, आणि दोघांनी चौदा एप्रिलला आणि एक मेला रस्त्यावर यावे.

येत्या एक मेला आमची मिरवणूक सकाळी निघेल. कामगार नसलेल्यांनीही यावे. त्या दिवशी पगारी सुट्टी कोणाला मिळाली आणि कोणाला नाही, याची नोंद आम्ही तेथेच घेणार आहोत. ज्यांना सुट्टी नसेल त्यांनी निदान घरच्यांना पाठवावे. मुलांसाठी पुढची जागा राखून ठेवू.